वल्लीचं एक वाक्य

इचोड्याला हायवेवर सेल्वराजचं टायरचं दुकान होतं. तंजावर सोडून त्याला बारा वर्षं झाली होती. बायको निर्मल गावची, तेलुगू. ड्रायव्हरांशी हिंदी, गल्लीत मराठी. तमिळ त्याच्या तोंडून निघे ती पायावर टायर पडला तरच. मुलगी वल्ली तर शेजारच्या द्वारकाबाईंच्या चुलीपाशीच वाढली. तिला तमिळ येणार कुठून?

ही चुगली एका लॉरीवाल्यानं थेट तंजावरला पोचवली आणि परतीच्या खेपेला सेल्वराजच्या आईचा निरोप आणला : "येते आहे. नातीला तमिळ येत नसेल, तर तिला घेऊन जाईन." आई बोललेलं करून दाखवणारी बाई होती. सेल्वराजची झोप उडाली.

"वल्ले, म्हन, साप्पिट्टींगळा? म्हंजे, जेवलात का?"

"अप्पा, मले भेव लागते."

"मलेबी लागते. म्हन!"

धास्तीपायी वल्ली बाकी सगळं विसरली, हे एवढं वाक्य राहिलं. ते द्वारकाबाईंनीही पाठ केलं, अर्थ न विचारताच. "पोरगी गेली तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू, भाऊ?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

सेल्वराजच्या आई पोन्नम्माळ आल्या. ताठ कणा, नाकात दोन चमक्या. सून स्वयंपाकघरात दडली ती बाहेर येईना, म्हणून वाढायला द्वारकाबाई उभ्या राहिल्या. म्हातारी पाटावर बसून नातीकडे रोखून पाहू लागली. वल्लीनं घाईघाईनं विचारलं,

"साप्पिट्टींगळा?"

म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. द्वारकाबाईंनी ज्वारीची भाकर वाढली. ती संपली. आता काय बोलायचं? वल्लीला दुसरं काही येत नव्हतं.

"साप्पिट्टींगळा?"

पोर वाढायलाच सांगते आहे, असं समजून द्वारकाबाईंनी दुसरी भाकर टाकली. मग तिसरी. सेल्वराज दाराआडून हातवारे करत होता. ते पाहून वल्ली आणखी घाबरे आणि पुन्हा तेच विचारी. पानात टाकणं म्हातारीच्या रीतीत बसत नव्हतं. ती घामाघूम होऊन गिळत राहिली. पुढची भाकर येताना दिसली तेव्हा मात्र तिनं दोन्ही हातांनी ताट झाकलं.

"पुरे गं बाई! मारता की काय मला?"

मराठीत! द्वारकाबाईंच्या हातून वरणाची वाटी निसटली.

"आमचे शेजारी तंजावरचे मराठी आहेत," म्हातारी दम खात म्हणाली. "लॉरीवाला म्हणाला, नात मराठी बोलते. ती माझ्याशी बोललीच नाही तर? मला फार भीती वाटली. त्यांच्याकडे बसून शिकले." मग तिची नजर मुलाकडे वळली. "त्यांना तिथं येऊन तीनशे वर्षं झाली, त्यांनी भाषा सोडली नाही. तुला बारा वर्षं जमेना?"

"पोरीले नेता का जी?" द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी धरून विचारलं.

"नाही. मीच इथं राहते. पोरीचं एक वाक्य तरी चोख आहे. सुरुवात याच्यापासून करायला हवी."

आणि तिनं मुलाला खडसावून, तमिळमध्ये विचारलं, "समजलं का?"

"हव," सेल्वराज घाबरून मराठीतच म्हणाला.