सुपीचं प्लास्टर आणि तुकाबाईची कातर

"विमानाचं मला सांगू नका राव! पुण्याचं विमानतळ म्हंजे आपलं घरच!" राघू पंधरा दिवस आणे गावच्या पारावर हेच सांगत होता. खरं म्हणजे तो जीपवर ड्रायव्हर. तीनदा पाहुण्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडून आला होता, आत जाणाऱ्यांची पाठ तेवढी त्यानं पाहिली होती!

निमंत्रण होतं त्याच्या आईला. दिल्लीच्या सरकारी प्रदर्शनात तुकाबाईनं मेंढराची लोकर कातरून, मग कातून दाखवायची होती. निमंत्रण घेऊन आलेल्या साहेबाला तिनं आधीच ठणकावलं होतं, "नात संगं असंल तर येते, न्हाय तर तुमची दिल्ली तुमाला!" म्हणून तिकिटं आली तीन.

निघायच्या आदल्या दिवशी राघूनं आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, सुपीला, विमान कसं उडतं ते शिकवलं. हात पसरून अंगणभर धावला. पोरगी हुशार! थेट कडब्याच्या गंजीवर चढली आणि उडाली. संध्याकाळी आळेफाट्याच्या डॉक्टरांनी तिचा डावा हात प्लास्टरात घातला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "प्लास्टर कधी घातलं?"

जुनं कशाला सांगायचं! राघू छाती फुगवून म्हणाला, "कालच, मॅडम! एकदम ताजं!"

"मग नाही नेता येणार. दोन दिवसांच्या आतलं असेल तर उभं चिरलेलं लागतं. वर गेल्यावर हात सुजला तर?"

राघूच्या तोंडचं पाणी पळालं. सुपीनं भोकाड पसरलं. तुकाबाई तिथंच फरशीवर बसली. "पोर न्हाई, तर मीबी न्हाई!"

विमानतळाचे डॉक्टर धावत आले, पण प्लास्टर कापायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. विमान सुटायला तास उरला होता.

"चिरायचंच हाय नव्हं?" म्हणत तुकाबाईनं सामानात द्यायची पेटी उघडली आणि मेंढरं भादरायची हातभर कातर बाहेर काढली. दोन पोलीस धावले!

"आये, आत ठेव! आपल्याला उचलतील!"

"गप! डॉक्टर, तुमी हात धरा."

डॉक्टरांनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, पोलिसांना थांबवलं आणि सुपीचा हात धरला. तुकाबाईनं प्लास्टरवर पाण्याची ओली रेघ ओढली. कातडीवर आपलं बोट आडवं ठेवून ती इंच-इंच कापत गेली. सुपीला साधा ओरखडाही उठला नाही. मग वरून सैलसर पट्टी गुंडाळली. "सुजंला जागा ठिवली."

डॉक्टरांनी चीर तपासली. "आजी, कुठं शिकलात?"

"मेंढरांवर. त्यांना दुखतंय म्हणून सांगता येत न्हाई. म्हणून आपणच जपून बांधायचं."

डॉक्टरांनी सुपीला न्यायला हरकत नाही अशी चिठ्ठी लिहिली आणि वाकून नमस्कार केला. राघूचा ऊर भरून आला. अशी आई कुणाला मिळते!

विमान धावपट्टीवरून सुसाट सुटलं आणि वर उडालं. तुकाबाई खिडकीतून खाली पाहत म्हणाली, "आगं बया, गाड्या बघ, मेंढरांवानी दिसत्यात!"

सुपी मात्र कळवळली. "आज्जे, दादाला सांग ना! डोळं मिटून बसलाय आन् माझा चांगला हात दाबतोय. ह्योबी मोडंल!"

तुकाबाईनं लेकाकडे पाहिलं. "सोड रं तिला, राघू. माझा धर. आन् भिऊ नको, आपल्या घरच्याच विमानतळावरनं निघालोय!"