साडेतीन वाजेपर्यंत

तांबोळीसाहेबांच्या दारात उभं राहिलं की "या, बसा" ऐकू यायचं नाही. आधी उजवा हात पुढे यायचा, तळवा वर, आणि हुकूम सुटायचा, "मोबाइल." तो मुकाट्यानं द्यायचा. मग खिसे चाचपले जायचे. हो, चाचपले जायचे! सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून हारतुरे घेऊन निवृत्त झालेला मी, आणि माझे खिसे! ते झालं की मगच, "बसा जगताप, चहा टाकतो." मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या पायजम्याच्या नाडीला. दुपारी साडेतीनच्या आधी ती नाडी हलायची नाही.

हे जवळपास वर्षभर चाललं आणि आम्ही ते चालवून घेतलं. आता कोणाला सांगितलं तर लोक माझ्याकडेच संशयानं बघतात.

युसूफ तांबोळी म्हणजे आमच्या खडकीच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे शेजारी. दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. उंच, काटकुळे, पांढरी दाढी नीट कातरलेली, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. बोलणं शुद्ध पुणेरी, म्हणजे कमी आणि लागेल असं. कोणी जिन्यातून धावत उतरला की हे खालून ओरडणार, "पळू नका. कारखान्यात पळणारा माणूस पहिला जातो." शेजारच्या काकूंनी देवापुढे उदबत्ती लावली तरी हे खिडकीतून विचारणार, "पडद्यापासून किती फुटांवर आहे?"

त्यांचं काम चाचणीचं होतं. तयार झालेला माल उडवून बघायचा. आणि त्यातला एक कायदा त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला होता, की माझी बायको मालती तो झोपेतही म्हणून दाखवायची. "समजा, गोळा डागला आणि उडाला नाही. तर काय करायचं? काही करायचं नाही! अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. माणूस गोळ्यानं मरत नाही हो जगताप, 'काय झालं ते बघून येतो' म्हणतो ना, त्यानं मरतो. म्हणून हात लावायचा नाही. कायदा म्हणजे कायदा."

आता हा कायदा शेअर बाजाराला कसा लागू झाला ते सांगतो.

निवृत्तीनंतर मी, तांबोळीसाहेब आणि दुसऱ्या मजल्यावरचे परांजपे मास्तर, आम्ही तिघं रोज सकाळी बस पकडून शनिवार पेठेत जायचो. तिथे स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर, एका अंधाऱ्या जिन्यानं वर गेलं की आमच्या ब्रोकरचं छोटंसं ऑफिस होतं. एक स्क्रीन, दोन बाकडी आणि दहा-बारा पेन्शनर. काय दिवस होते ते! भाव हिरवे असत, चहा ब्रोकरच्या खर्चानं येई आणि प्रत्येकाला वाटे की आपण उगाच चाळीस वर्षं नोकरी केली. परांजपे मास्तरांनी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, पण तिथे ते सिमेंट आणि पोलादावर अशी व्याख्यानं झोडायचे की जणू भट्टी त्यांच्याच गच्चीवर होती. तांबोळीसाहेब मात्र कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघत असायचे. "तुम्ही काय घेतलंय साहेब?" असं कोणी विचारलं, की "आहे थोडंफार" म्हणून विषय संपवायचे. आम्हाला वाटायचं, बराच माल दाबून बसलाय हा माणूस.

मी माझा फंड जवळजवळ सगळा तिथे घातला होता. त्यात मालतीच्या गुडघ्यांचे पैसेही होते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. जिना चढताना कठड्याला धरून, तोंडातून आवाज न काढता चढायची, आणि तेच मला बघवायचं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. मी म्हटलं, वर्षभर पैसे वाढू देत, मग दोन्ही गुडघे एकदम करू. ती "तुम्हाला कळतं ते करा" म्हणाली. हे वाक्य बायको म्हणाली की नवऱ्यानं सावध व्हावं, पण मी कुठला होतोय!

आणि बाजार पडला. पडला म्हणजे नुसता पडला नाही, रोज उठून पडायला लागला. दिवाळीच्या तोंडावर त्या ऑफिसात मयताला बसावं तशी माणसं बसलेली. चहा बंद झाला. एक गृहस्थ स्क्रीनकडे पाठ करून बसायचे आणि दुसऱ्याला विचारायचे, "किती?" मी तर दर संध्याकाळी हिशेब करायचो आणि मनात म्हणायचो, आज डावा गुडघा गेला. पुढच्या आठवड्यात उजवाही जायला लागला.

त्या सोमवारी आम्ही बसस्टॉपवर पोचलो तर तांबोळीसाहेब रस्ता अडवून उभे. "आजपासून शनिवार पेठ बंद. गोळा उडालेला नाही, जवळ जायचं नाही. दहाला बाजार उघडतो, साडेतीनला बंद होतो. तेवढा वेळ माझ्या घरी बसायचं. गेटवर झडती होईल."

"झडती कसली?" परांजपे म्हणाले.

"कारखान्यात काडेपेटी गेटवर काढून घेतात मास्तर. तुमची काडेपेटी तुमच्या खिशात आहे. एक फोन लावलात की सगळं उडालं."

मास्तर सरळ माणूस नव्हेतच. चौथ्या दिवशी त्यांनी फोन दिला, झडती दिली आणि सज्जनासारखे बसले. अकराच्या सुमारास त्यांच्या भाजीच्या पिशवीतली मेथीची जुडी वाजायला लागली. दुसरा फोन! मुलाचा जुना फोन मेथीत गुंडाळून आणला होता पठ्ठ्यानं. तांबोळीसाहेबांनी शांतपणे जुडी सोडली, फोन डब्यात टाकला, मेथी मास्तरांपुढे ठेवली आणि म्हणाले, "आता निवडा."

तिथून तो शिरस्ताच पडला. नुसतं बसून माणसाचं डोकं फिरतं, हातांना काम हवं, हासुद्धा कारखान्यातला कायदा. मग आम्ही मेथी निवडली, लसूण सोलला, थंडीत मटार तर पोत्यानं सोलले. वर्तमानपत्र यायचं, पण बाजाराचं पान कात्रीनं कापलेलं. सोसायटीतल्या बायका बेहद्द खूश. सकाळी गवार पाठवायची, दुपारी निवडलेली परत. घरी मात्र मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तरी एका संध्याकाळी मालती माझ्या हिरव्या नखांकडे बघून म्हणाली, "लग्नानंतर एकदा तरी मटार सोललात का? आज सोलताय. किती बुडाले?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे. गुडघ्यांचं काय, पुढच्या वर्षी बघू." मग उठली, कठड्याला धरून गच्चीत वाळवण काढायला गेली. मला ती चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, बास. उरलंसुरलं विकायचं. निदान एक गुडघा तरी होईल. फोन डब्यात असला म्हणून काय झालं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रुपया टाकून बोलायचा लाल फोन होताच. लघवीला जातो म्हणून उठलो आणि मागच्या दारानं सटकलो. वाण्यानं मला बघितलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला. "फोन नाही मिळायचा काका. तांबोळीचाचांनी सांगून ठेवलंय. तुमचं आणि मास्तरांचं नाव दिलंय."

माझं पित्तच खवळलं. तरातरा परत आलो आणि दारातूनच ओरडलो, "तुम्ही कोण हो मला अडवणारे? पैसे माझे, बायको माझी, गुडघे तिचे! तुम्हाला काय कळणार? तुमच्या मागे कोण आहे रडायला?"

बोललो आणि जीभ चावली. त्यांच्या बायकोला, रशिदाभाभींना, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. परांजपे मास्तरांनी मान खाली घालून मटाराची एकच शेंग तीनदा सोलली.

तांबोळीसाहेबांनी किल्ली सोडली, कपाट उघडलं, माझा मोबाइल माझ्या हातात दिला. "घ्या. पैसे तुमचेच आहेत. एकच विनंती करतो, साडेतीन वाजेपर्यंत माझ्याजवळ बसा. मग खुशाल विका."

साडेतीनला बाजार बंद होतो हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी बसलो. हातात मोबाइल घेऊन बसलो. साडेतीन वाजले. साहेब म्हणाले, "चला, आजचा दिवस गेला. उद्याचं उद्या." दुसऱ्या दिवशी मी आपणहून मोबाइल डब्यात टाकला.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एक दिवस पेपर अख्खा आला, न कापलेला, आणि आम्ही समजलो. बाजार वर चढायला लागला होता. पुढच्या सहा-आठ महिन्यांत माझं भांडवल भरून आलं, वर थोडं सुटलंही. मी गुडघ्यांपुरते विकले, ऑपरेशनची तारीख घेतली आणि पेढे घेऊन साहेबांकडे गेलो. परांजपे एव्हाना पुन्हा शनिवार पेठेत जाऊन पोलादावर बोलू लागले होते. साहेब एकटेच बसले होते, समोर चहाचा एकच कप.

"तुमचं किती सावरलं साहेब?" मी विचारलं.

"माझं काय सावरायचंय? माझ्याकडे एकही शेअर नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत. ते पेढ्याचा कागद उलगडत राहिले आणि मग सांगू लागले. ते नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. नवराबायकोनं हजला जायचं म्हणून बारा वर्षं पैसे साठवले होते. व्याजाचा पैसा त्या कामाला चालत नाही, म्हणून बँकेत मुदतीची ठेव केली नाही, चांगल्या कंपनीचे शेअर घेतले. तेव्हाही बाजार असाच पडला होता. "चौथ्या दिवशी विकले जगताप. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, हात लावू नका. स्वतःच्या घरात मला चार दिवस काढवले नाहीत. दीड वर्षात तो शेअर दुप्पट झाला. रशिदा कधी एका शब्दानं बोलली नाही. एवढंच म्हणायची, पुढच्या साली जाऊ. मी रिटायर झालो, फंड हातात आला, तोवर तिची किडनी गेली होती. मग कुठलं पुढचं साल?"

"मग रोज आमच्याबरोबर ब्रोकरकडे कशाला यायचात?"

"घरी बोलायला कोण आहे? आणि वाटायचं, एखादा चौथ्या दिवशी फोन उचलेल, तेव्हा आपण जवळ असावं."

मी त्यांना काय बोललो होतो ते मला आठवलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पेढे कुठले आणलेत? साखर जास्त आहे."

मालतीचं ऑपरेशन झालं. दोन्ही गुडघ्यांचं. साहेब रोज भेटीच्या वेळेला हजर, डब्यात मटणाचं सूप. मालती माळकऱ्यांच्या घरातली, ती काही पिणारी नव्हती, मग सूप मीच प्यायचो आणि ती बरी व्हायची. काठी सुटली तशी ती एक दिवस सरळ चालत त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "तांबोळीभाऊजी, आता तुम्ही हजला जाऊन या. पैसे आहेत ना?"

"पैसे आहेत वहिनी. एकट्यानं जाववत नाही."

"पुढच्या वर्षी म्हणू नका," मालती म्हणाली. "ते वाक्य मीसुद्धा म्हणून बघितलंय."

ते गेले. खासगी टूरबरोबर गेले आणि महिन्या-दीड महिन्यानं खजूर घेऊन परत आले. उन्हानं रापले होते, बोलायला लागले होते. आम्हाला वाटलं, चला, झालं एकदाचं. पण पुढं दोन वर्षांनी पुन्हा जायची तयारी! एवढ्या वयात दुसऱ्यांदा कशाला, म्हणून मी वैतागलो. गुडघे, दमा, ऊन, सगळं बोलून दाखवलं. ते नुसते हसले.

त्यांना मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं पुणे स्टेशनवर गेलो. मालती जिना चढून, जिना उतरून, बॅगेचा एक बंद स्वतः धरून चालली होती. गाडी लागली. बॅग आत सरकवताना माझं लक्ष तिच्यावरच्या चिठ्ठीकडे गेलं. कारखान्यातल्या पेट्यांवर असतं तसं मोठ्या ठळक अक्षरात नाव लिहिलं होतं. रशिदा युसूफ तांबोळी.

"अहो साहेब, नाव चुकलंय!"

"चुकलेलं नाही," ते म्हणाले. "आपला स्वतःचा हज एकदा झाला, की गेलेल्या माणसाच्या नावानं करता येतो. आमच्यात तसा कायदा आहे. ह्या खेपेला ती चाललीय जगताप. मी फक्त पोचवायला जातोय."

मालतीनं डोळ्यांना पदर लावला. मी खाली उतरलो आणि गाडी हलेपर्यंत हमालाशी काहीही कारण नसताना भांडत राहिलो.