मार्थाआजीचा निळा कडुलिंब

बेल वाजते, तुम्ही दार उघडता, आणि दारात ऐंशीच्या पुढची एक बाई उभी. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात हिरव्या रंगाची वाटी. "सलाम. तुमच्या भिंतीवरचं झाड चुकलंय. खाली काढा." तुमच्याकडं असं कधी झालं नसेल. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत गेल्या वर्षी घरोघरी झालं.

ही मार्थाआजी, आमची घरमालकीण. ती खाली, आम्ही वर भाड्यानं. आता ती नाहीये. या उन्हाळ्यात गेली, झोपेतच, काही त्रास न होता. पण मी रडकं काही लिहीत नाहीये, आधीच सांगते. तिला रडकं चालायचंच नाही.

आजी आयुष्यभर चित्रं काढत आली. झाडं, पाखरं, ढग, पाणी. माणूस कधीच नाही. मी एकदा म्हटलं, "आजी, माझं काढा ना." तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "तू हलतेस लई. आणि बोलतेस त्याहून जास्त." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "झाड कसं, प्रभूनं सांगितलं तिथं उभं राहतं."

प्रभूशिवाय ती घास उचलायची नाही. रात्री आम्ही बरेचदा तिच्याकडंच जेवायला असायचो. जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब की वरण गार व्हायचं. आणि त्या प्रार्थनेत सगळ्यांची कानउघाडणी. "प्रभू, वरच्या पोरीला पाणी येतं त्या दिवशी तरी लवकर उठायची बुद्धी दे. माझ्या विल्सनला सुपारी सोडायची शक्ती दे." विल्सनकाका म्हणजे तिचा मुलगा, स्वतः साठीचा. दाढेतली सुपारी तशीच धरून तो "आमेन" म्हणायचा.

रंगांचं खातं मात्र आजोबांकडं. शमुवेल आजोबा, गणिताचे रिटायर्ड मास्तर. दोघं स्कूटरवर हर्सूल तलावावर जायचे. आजी स्टुलावर बसून चित्र काढायची, आजोबा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे. पुढं आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ट्यूबवरची अक्षरं दिसेनात, रंग ओळखू येईनात. मग ती नुसता हात पुढं करायची, "हिरवा." आजोबा ट्यूब पिळून द्यायचे, "घे, हिरवा."

गंमत अशी की ती बारीक अक्षरं आजोबांनाही दिसत नव्हती, आणि निळा-हिरवा त्यांच्या डोळ्यांनाही एकच वाटायचा. पण बायकोनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मदत मागितली, तर नाही कोण म्हणणार?

झाडं निळी व्हायला लागली. पानं निळी, गवत निळं, एक पोपट तर जांभळाच. आणि आजी ती चित्रं वाटत सुटली. लग्न, बारसं, वास्तुशांत, ईद, काहीही असो, तिच्याकडून चित्र ठरलेलं. कुणी चकार शब्द काढला नाही. आजीला चूक दाखवायची हिंमत कुणाची? आणि खरं सांगू, आम्हाला वाटलं, आर्ट असेल.

ऑपरेशनचं नाव काढलं की आजी म्हणायची, "प्रभूनं पाडलेला पडदा प्रभूच उचलेल." मग आजोबा वारले. ट्यूब द्यायला कुणी उरलं नाही, तरी हट्ट तोच. आता ती फक्त काळ्या रंगात काढायची. काळी ट्यूब सगळ्यात मोठी, ती हाताला कळायची.

एक दिवस गच्चीवर बसून तिनं चित्र काढलं आणि विल्सनकाकाला दाखवलं. काका बघतच राहिला.

"आई, ही म्हैस कुठली?"

"समोरच्या गच्चीवरची. सकाळपासून बसलीये."

समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती.

"आई, म्हैस दुसऱ्या मजल्यावर कशी चढेल गं?"

"प्रभूला काय अवघड आहे?"

आम्ही हसून लोटपोट. मग काकानं टाकीचं सांगितलं.  संध्याकाळी तिनं रंगांचा डबा कपाटावर ठेवायला दिला. "आता बास. आपल्याच्यानं होत नाय." आणि त्या रात्री जेवणाआधीची प्रार्थना दोन वाक्यांत संपली. वरण गरम होतं आणि सगळ्यांच्या ताटात तसंच राहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. चित्र काढणार नसेल तर ही बाई सकाळी उठेल कशासाठी?

काकानं पाळकांना बोलावलं. चर्चचे पाळक म्हणजे आजीच्या अंगाखांद्यावर खेळलेला पोरगा. तो म्हणाला, "आजी, डॉक्टरचे हात कुणी घडवले?"

आजीनं त्याच्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाली, "लहानपणी तू एवढा हुशार नव्हतास रे." आणि कबूल झाली.

डॉक्टर म्हणाले, लई उशीर केलाय, किती दिसेल सांगता येत नाही. आजीची एकच अट, आधी प्रार्थना. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या तिनं डॉक्टरच्या आईवडिलांपासून सुरुवात केली. एक नर्स मधेच बाहेर येऊन सांगून गेली, "आत्ता कुठं कंपाउंडरपर्यंत आलंय."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.  आजीनं डोळे मिचकावले आणि काकाकडं बघत राहिली.

"विल्सन, किती म्हातारा झालास रे. आणि तोंडात काय आहे?"

काका हसत रडत सुपारी थुंकायला बाहेर पळाला. मला इतकं हायसं वाटलं की पेढे आणायला निघाले ते चप्पल न घालताच. दुकानदारानं पायाकडं बघितलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आजी घरी आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"हे कुणी काढलं?"

"तुम्हीच, आजी."

"निळं?"

मी मान खाली घातली. "आम्हाला वाटलं आर्ट आहे."

मग सुरू झाली ती मोहीम. पहिला नंबर शेजारच्या नसीम खालांचा. त्यांच्या हॉलमध्ये निळ्या पानांचा पेरू होता. खाला म्हणाल्या, "अम्मा, रहने दो ना. अब तो आदत हो गई. मेहमान को मैं बोलती, हमारी अम्मा का आर्ट है."

"आर्ट गेलं खड्ड्यात. वर गेल्यावर प्रभू विचारेल, मार्था, मी पेरू असा केला होता का? काय सांगू मी?"

खालांनी निमूट फ्रेम उतरवली आणि चहा टाकला. एका घरात तर त्या निळ्या पानांना मॅच करून सोफ्याची कव्हरं शिवलेली होती. आजीनं पानं हिरवी केली आणि सोफ्यासाठी प्रार्थना केली.

सगळी गल्ली हिरवी झाली. शेवटी तिच्याच खोलीतलं एक राहिलं. आजोबा अंथरुणावर होते तेव्हाचं, त्यांच्या खिडकीतल्या कडुलिंबाचं. त्यांनी पडल्या पडल्याच ट्यूब पिळून दिल्या होत्या. चादरीवर डाग पडायचे. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत निळंशार झाड.

मी वाटी पुढं केली. आजीनं ब्रश बुडवला, पानापाशी नेला आणि थांबली. खिडकीतून बाहेरच्या खऱ्या कडुलिंबाकडं बघितलं. मग ब्रश पाण्याच्या ग्लासात ठेवून दिला.

"हे राहू दे."

"अहो आजी, हे तर सगळ्यात निळं आहे."

"मी विचारलं होतं त्यांना. हिरवाच आहे ना? म्हणाले, हिरवाच." तिनं वाटीवर झाकण ठेवलं. "मास्तर खोटं बोलायचे नाहीत."

आजी गेल्यावर काकानं ते चित्र मला दिलं. आमच्या हॉलमध्ये लावलंय. परवा मैत्रीण आली होती. बघून म्हणाली, "झाड निळं कसं काय गं?"

"नीट बघ," मी म्हटलं. "हिरवं आहे."