वामन मिस्त्रींची काठी

वामन मिस्त्री मंगळवारी गेले. बुधवारी त्यांच्या बायकोने त्यांची काठी माझ्या हातात दिली.

सेलूत ही काठी सगळ्यांना ठाऊक होती. कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी काठीने फरशी ठोकत, मान वाकडी करून ऐकत, आणि मगच चहाला हात लावत. "पोटात मुरूम हाये. सुखी राहा." नाहीतर, तोंड कडू करून, "काळी माती भरली हाये बाप्पा! पावसाळ्यात फुगन, उन्हाळ्यात भेगाळन." एका लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलाकडची फरशी ठोकली आणि सर्वांदेखत मुलीच्या बापाला सांगितलं, "पोरगा पक्का हाये, जोता कच्चा हाये. लगन करा, पन अंदर नाचू नोका."

फक्त आमच्या घरी ते ठोकत नसत. काठी बाहेर चपलांपाशी ठेवून येत. लोक हसत, "कसे ठोकतीन? सोतानंच भरलं नं!"

आमचं घर त्यांनीच बांधलेलं. पहिल्याच पावसाळ्यात फरशी फुगली, दार अडलं. बाबांनी त्यांना अंगणात उभं करून नाही नाही ते सुनावलं. त्यानंतर गावात कुणी त्यांना नवं घर बांधायला दिलं नाही. लोकांच्या फरश्या ठोकायचं वेड तेव्हापासूनचं.

खरं असं होतं. जोत्यात, म्हणजे फरशीखाली, भर टाकायच्या दिवशी मिस्त्री बहिणीच्या मयतीला पवनारला गेले होते. जाताना मला म्हणाले, "मास्तर, मुरमाचा ट्रॅक्टर येईन. पायव्यातून निंगालेली काळी अंदर जाऊ देऊ नोका." मी नुकताच शाळेत शिकवायला लागलो होतो. कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसलो. ट्रॅक्टर आला नाही. मजुरांनी विचारलं, "मास्तर, हेच माती टाकाची काय?" मी मान वर न करता म्हणालो, "टाका." मिस्त्री परतले तेव्हा वर फरशी बसली होती.

बाबा अंगणात बोलत होते तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"त्यायले मजुरानं तवाच सांगतलंतं," काठी देताना काकू म्हणाल्या.

"मग ते बोलले काऊन नाई?"

"म्हनत, मास्तर सोता सांगन. दर इतवारी तुमच्याकडं चहाले येत नं? घरून निंगताना म्हनत, पाय, आज मास्तर सांगन."

दर रविवारी मी त्यांना साखर पुरे का, एवढंच विचारलं.

ज्यांना सांगायचं होतं ते दोघेही, बाबा आणि मिस्त्री, आता नाहीत. काठी दाराआड आहे. फरशीखाली काळी माती आहे.