तुरकर सरांचा गोठ्यातला वर्ग

आमचे तुरकर सर म्हशीशी इंग्रजीत बोलत. गंमत म्हणून नव्हे, शिस्तीत बोलत, आणि विद्यार्थ्यांनाही बोलायला लावत.

कामठ्याच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. त्यांचं म्हणणं एकच: "सोभाव पाहून शिकवा ना जी! सगळ्याईले एकच घोकंपट्टी कायले?" बडबड्या पोरांना त्यांनी आठवडी बाजारात इंग्रजीतून वांगी विकायला बसवलं. भांडकुदळांना भांडायचं तर इंग्रजीतच, अशी सक्ती केली. शब्द पुरेनात, म्हणून भांडणंच थांबली. आणि लाजऱ्यांसाठी सरांची म्हैस. "मानूस हासते. म्हैस हासत नाई."

सगळ्यांत लाजरी सरांच्या शेजारची लता. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि मुलाखत इंग्रजीत होती. बापानं बजावलं होतं, यात नापास झालीस तर धानाची रोवणी आटोपली की लग्न. सरांनी हे फारच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी लता गोठ्यात म्हशीला स्वतःचं नाव, गाव, आवडनिवड सांगायची. सर पलीकडून तणसाचा चारा टाकता टाकता चुका दुरुस्त करायचे.

मुलाखतीला नागपूरला सरांबरोबर मीही गेलो. लता आत गेली आणि बराच वेळ काही ऐकूच येईना. सरांनी दाराला कान लावला. "पोरगी काऊन चूप बसून राह्यली जी?"

मग आवाज आला, चांगला खणखणीत. नाव, गाव, सगळं झालं. शेवटी तिनं समोरच्या तिघांना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही पाणी प्यालात का?" गोठ्यातला धडा रोज याच प्रश्नानं संपायचा! आम्ही कपाळाला हात लावला. पण आतल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "नर्सला दुसरं काय यायला पाहिजे?" आणि लताला घेतलं.

लता नागपूरला राहायला गेली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सर माझ्या ओसरीवर येऊन बसले. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत, मूलबाळ नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?"

म्हटलं, "सर, मला कुठं येतं इंग्रजी?"

"मालूम हाये मले," सर म्हणाले. "पोरगी रोज मले बी विचारे जाताना. आता कोनी विचारतच नाई."

मी आत हाक मारून सरांचंही ताट वाढायला सांगितलं आणि चुकतमाकत, इंग्रजीत, माझा दिवस सांगायला लागलो.