सारख्या धारेचा बसप्पा

बसप्पा कोणत्याही कचेरीत शिरला की नमस्कार करण्याआधी दारावरची पाटी हलवून पाही. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि गावभर नव्या पाट्या लागत होत्या. त्यामुळे त्याला फुरसत नव्हती. पाटी डुगडुगली की तो निकाल देई, "जिल्हा झाला, पन भोकं अजून तालुक्याचीच हायत."

तो आमच्या हातपंप दुरुस्तीच्या कार्यशाळेत फिटर होता. मी तेथील प्रमुख. दुष्काळाचे दिवस होते. विहिरी आटल्या होत्या, आणि हातपंप बंद पडला की निम्मे गाव आमच्या दारात येऊन बसे. अशा घाईतही बसप्पा छिद्र पाडायच्या मशीनला बोथट ड्रिल लावू देत नसे. आधी ग्राइंडरच्या चाकावर धार, मग काम.

त्याच्या खिशात एकाच मापाचे दोन षट्कोनी नट असत. ते शेजारी शेजारी टेकवले की मध्ये जी खाच होते, तीत ड्रिलचे टोक नेमके बसले पाहिजे, असा त्याचा दंडक होता. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या हव्यात; एक लांब राहिली की छिद्र मोठे पडते. धारेमागची बाजू उतरती हवी. नाही तर टोक कापत नाही, नुसते घासते आणि किंचाळते. पोलाद तापून निळे पडले, तर धार लावणाऱ्याने चाकावर फार दाबले हे निश्चित.

माणसांची परीक्षाही तो याच शास्त्राने करी. एका बड्या अधिकाऱ्याचे भाषण ऐकून तो मला हळूच म्हणाला, "साहेब, मागं उतार न्हाई. नुसता आवाज करून राहिला." मी हसलो नाही. पदाला शोभले नसते.

शेजारच्या बाकावर रसूलभाई बसत. वयाने थोर, हात थरथरू लागला होता. त्यांच्या कामावर बसप्पाची रोज टीका चाले.

"भोक गोल हाय ना, बसप्पा? मग बस की."

"भोपळाबी गोलच असतोय, चाचा."

"या जिभेपायीच तुला कुनी पोरगी दिली न्हाई."

"हाव. तिच्या बापाच्या दाराची पाटीबी ढिलीच होती."

पुढे वरून हुकूम आला. दोघांपैकी एकच फिटर लातूरला ठेवावा, दुसरा जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादला, परत पाठवावा. ज्याचे काम सरस तो राहील, असे मी जाहीर केले. रसूलभाईंच्या पत्नीने अंथरूण धरले होते. तिचे सारे करणारी मुलगी लातुरातच नांदत होती. मला ते ठाऊक होते. पण नियम तो नियम.

दोघांनी आपापल्या ड्रिलला धार लावून एकेका लोखंडी पट्टीत छिद्र पाडले. मी मापे घेतली. रसूलभाईंचे छिद्र किंचित मोठे होते. बसप्पाचे इतके मोठे, की बोल्ट आत खुळखुळला.

मी त्याचे ड्रिल उचलून पाहिले. निळा डाग कोठे नाही. मागचा उतार रेखल्यासारखा. फक्त एक धार दुसरीपेक्षा लांब. इतकी नेटकी चूक अनवधानाने होत नाही.

"बसप्पा, हे काय?"

"चुकलं, साहेब. वय झालं." तो चाळिशीतला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला लातूर काय अन् उस्मानाबाद काय. तेच कुलूप लावायचं, तेच काढायचं. आत वाट बघाया कोन हाय?"

रसूलभाईंचे तोंड उघडेच राहिले.

"तोंड मिटा, चाचा. माशी जाईल."

मी नियमाप्रमाणे निकाल लिहिला. रसूलभाई लातूरला राहिले.

जाण्याच्या दिवशी बसप्पा वळकटी घेऊनच कार्यशाळेत आला. रसूलभाई रजेवर होते. तो सरळ त्यांच्या बाकाशी गेला आणि त्यांची ड्रिलची पेटी उचलून ग्राइंडरजवळ बसला.

"काय चालले आहे?" मी विचारले.

"सगळ्यांना धार लावून ठिवतो, साहेब. चाचाला दोन-चार महिने चाकाकडं जायाला नको."

पेटीत चाळीसेक ड्रिले होती. प्रत्येकाचे टोक तो नटांच्या खाचेत बसवून पाहत होता. उस्मानाबादची दुपारची एस.टी. सुटायची वेळ होत आली होती. मी ते त्याला सांगितले नाही.