काळ्या चौकटीतलं बदक

सहावं पान मी डोळे मिटून लावतो! चौतीस वर्षं एकाच दैनिकात पानं लावतोय, तेवढी फुशारकी मारायचा हक्क आहे मला. वर शब्दकोडं, मधे ‘पोस्टमन आणि बदक’ची तीन चित्रं, खाली निधनवार्ता. झालं पान!

ही चित्रमालिका तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. एक जाडा पोस्टमन आणि त्याच्या मागे मागे फिरणारं बदक. पोस्टमन पत्रं वाटतो, बदक ती खातं. बस, एवढंच! चित्रकार जाऊन वीस वर्षं झाली. त्यांनी काढलेली सहाशे चित्रं नंबर टाकलेल्या पाकिटांतून ऑफिसच्या खणात आहेत. ती संपली की पुन्हा एक नंबरपासून सुरू. वाचकांना पुढे काय होणार ते पाठ असतं, तरी सकाळी पेपर हातात आला की पहिलं उघडतात ते सहावं पान.

तर त्या शुक्रवारी छापलेल्या चित्रात बदक आजारी होतं. पाय वर करून आडवं, आणि डॉक्टर मान हलवतोय. शनिवारी ते टुणकन उठतं आणि औषधाची चिठ्ठी खाऊन टाकतं. पाकीट नंबर चारशे बारा. संध्याकाळी शनिवारचं पान लावायला बसलो, खणात हात घातला. चारशे अकरा. चारशे तेरा. मधलं गायब!

कुठे आहे ते मला लगेच आठवलं. आठ महिन्यांपूर्वी आमची ही अंथरुणाला खिळली होती. एकदा म्हणाली, “ते बदक बरं होतं ना, ते चित्र आणा हो.” मी कोणाला न विचारता पाकीट घरी नेलं. ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली, आणि मलाच रागावली. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली. मेहुणीने उशापायथ्याच्या वस्तू आवरून हिच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. ती किल्ली तेव्हापासून माझ्या खिशात. कपाट मी उघडलेलं नाही. उघडायचा विचारही नव्हता.

म्हटलं, एक दिवस बदक नसलं तर कुणाचं काय अडतंय? जागा तेवढी भरायला हवी. पानाच्या खालच्या भागातली एक तयार चौकट उचलून वर ठेवली. त्यात बदकाचा तोंडवळा दिसेल असं एक छोटं चित्र टाकलं. खाली मजकूर, ‘आज चित्रमालिका नाही.’ आणि डोळे मिटून घरी गेलो.

पानाच्या खालच्या भागात कसल्या चौकटी असतात, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही! सकाळी अख्ख्या शहराने पाहिलं, आदल्या दिवशी आजारी असलेलं बदक आज जाड काळ्या चौकटीत!

ऑफिसात पोचलो तर फोन सांभाळणाऱ्या बाई कपाळाला हात लावून बसलेल्या.

“काय केलंत हो तुम्ही? सकाळपासून पाणी प्यायला मिळालेलं नाही! एक आजोबा विचारतात, शेवटी त्रास तर नाही ना झाला?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, झोपेतच गेलं! काय सांगू दुसरं?”

“अहो, ते जिवंत आहे!”

“मग हे आता त्या आजोबांना तुम्हीच सांगा!”

दहा वाजता एका बँकेतून हार आला. साडेदहाला पोस्टातली पाच माणसं गणवेशात येऊन रांगेत उभी राहिली. त्यांच्यातले सर्वांत वडीलधारे म्हणाले, “आमच्या पोस्टमनला एकटं वाटेल. काही करता येईल का?” अकराला माझ्या लेकीचा फोन. “बाबा, बदक गेलं आणि तुम्ही मला कळवलंही नाही?” पोरगी चाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते!

मग संपादकबाईंनी आत बोलावलं.

“पाकीट कुठे आहे?”

“घरी. बायकोच्या कपाटात.”

“मग आणा. पाचपर्यंत बदक उठलं पाहिजे.”

“ते कपाट उघडत नाही.”

“कुलूप बिघडलंय?”

“कुलूप ठणठणीत आहे.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, “मी येऊ का सोबत?”

“नको. जातो मी.”

घरी जाऊन कपाटासमोर उभा राहिलो. किल्ली भोक सोडून सगळीकडे लागत होती. शेवटी लेकीला फोन लावला, तुझ्या आईचं कपाट उघडतोय म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

“उघडलंत का बाबा?”

“थांब गं.”

“मी येते तिकडे.”

“नको. तू नुसती बोलत राहा.”

“काय बोलू?”

“पाढे म्हण.”

तिने खरंच एकोणिसाचा पाढा सुरू केला! एकोणीस सक येताच मी किल्ली फिरवून दार ओढलं. आठ महिने ज्या कपाटाला घाबरलो, त्यातून पहिल्यांदा हिची छत्री निघाली, ती थेट माझ्या टकलावर आपटली. मी ओरडलो, लेक तिकडून ओरडली. मग हिच्या साबणाचा वास आला. मी चष्मा काढून फळीवर ठेवला आणि चांगली पाचदहा मिनिटं रडलो. लेकही रडली. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. काही झालं नाही! छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. पाकीट समोरच होतं, शोधावंही लागलं नाही.

धावत ऑफिस गाठलं. चष्मा फळीवरच राहिला होता, पण डोळे मिटून पान लावणाऱ्याला चष्मा कशाला? चित्र पानावर चढवलं, पान छापायला दिलं आणि सुटलो.

रविवारी बदक उठलं! पोस्टातल्या माणसांनी पेढ्यांचा डबा पाठवला. आजोबांचा फोन आला, नुसते हसत होते. मीही खुशीत पेपर उघडला, फळीवरचा चष्मा आणून लावला, आणि पाहतो तर काय! पोस्टमनला मिशा! तिन्ही चित्रांत, झुपकेदार, पेन्सिलीच्या. कडेला हिच्या अक्षरात, ‘आता कसा ऐटदार दिसतो!’ तेही छापलेलं!

घाबरत घाबरत संपादकबाईंकडे गेलो. म्हटलं, मूळ चित्र खराब केलं, आता नोकरी जाते.

“छप्पन्न फोन आलेत,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना मिशा हव्यात. कायमच्या. कोणी काढल्या?”

“आमच्या हिने.”

“मग घरातलंच काम आहे. उद्यापासून चित्राच्या झेरॉक्सवर तुम्ही काढत जा.”

तर हल्ली रोज संध्याकाळी मी मिशा काढतो, चष्मा लावून. जन्मात कधी सरळ रेघ मारली नव्हती, मिशा नाकाखाली ओघळल्यासारख्या येतात. कालच एका वाचकाचा फोन होता. विचारत होता, पोस्टमनला सर्दी झालीय का हो?